काविळीचं पथ्य

लोणावळा
२७ जुलै २०२५

प्रिय मारुतीस, कोंडाजीचा रामराम.

तुझ्या भाजीच्या टेम्पोवरच्या पवनच्या हाती हे पाकीट दिलं आहे. वाचून झालं की फाडून टाक. आणि फोन करू नकोस. माझा उजवा कान रेल्वेनं खाल्ला. डाव्यानं ऐकायचं तर समोरच्याला ओरडावं लागतं, आणि मी बोललो की गल्लीला कळतं. त्यातनं आमच्या दोन खोल्या. आजारी माणसाचा कान किती तिखट होतो ते तुला माहीत नाही. म्हणून लिहितोय.

तुझ्या आक्काला कावीळ नाही.

पोटात नळी टाकली त्या दिवशी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. पित्ताच्या पिशवीत कॅन्सर आहे आणि तो लिव्हरमध्ये गेला आहे. पिवळेपणा त्याचाच. ऑपरेशन होण्यासारखं नाही, किमो तिला झेपणार नाही. मी विचारलं, किती दिवस. ते म्हणाले, दिवाळी धरून चालू नका. पुढं पुढं गुंगी येईल, बोलणं भरकटेल, तर जे बोलायचं ते आत्ताच बोलून घ्या.

बाहेर आलो तर चंपा बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. काय म्हणाले, विचारलं. माझ्या तोंडातनं आपोआप गेलं, कावीळ आहे, लय मुरलेली, वेळ लागंल. ती म्हणाली, मग ठीक.

आता हेच धरून चालायचं. आम्हाला पोरबाळ नाही. आई गेल्यावर तिनं तुला कडेवर वाढवला, म्हणून तुला सांगितलं. गावी सुदुंबऱ्यात कावीळच सांग. भेटायला आलास तर तोंड नीट ठेव, तुझं तोंड लगेच पडतं.

दवाखान्यातनं ज्योत्स्नाबाई म्हणून एक जण घरी येतात. बऱ्या न होणाऱ्या पेशंटकडं आणि त्यांच्या घरच्यांकडं बघायचं त्यांचं काम. दुखण्याची औषधं देतात आणि बोलायला बसतात. बोलायला कशाला, ते मला कळलं नाही. मी त्यांना दारातच सांगितलं, उंबऱ्याच्या आत तुम्ही काविळीच्या बाई.

तुझा,
कोंडाजी


तळेगाव दाभाडे
३० जुलै

ती. दाजींस मारुतीचा साष्टांग नमस्कार.

पत्र फाडलं. त्याआधी गोदामात पातेल्यांच्या मागं उभं राहून पुन्हा पुन्हा वाचलं. कामगारांना वाटलं, मालक नव्या ऑर्डरचा हिशेब करतायत.

आक्काच्या रिपोर्टची नक्कल माझ्याकडं होती, ती घेऊन पुण्याला गेलो. एका मोठ्या डॉक्टरांच्या मुलीच्या लग्नाचं जेवण मी केलं होतं. त्यांनी फिल्म उजेडाला धरली, बराच वेळ बघितली आणि मला विचारलं, चहा घेणार का. दाजी, धाब्यावर भांडी घासण्यापासून इथवर आलो, माणसं ओळखायलाच शिकलो. ज्याला नाही म्हणायचं असतं तो आधी चहा विचारतो. मी चहा न घेता निघालो.

तर तुम्ही म्हणता तसंच करू. पण एक सांगतो, खोटं बोलायचं तर अर्धवट बोलून चालत नाही. सुदुंबऱ्यात कावीळ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, पथ्य काय? तुमच्या घरी एखाद्या पाहुण्यानं ताटात फोडणीची आमटी बघितली की संपलं. म्हणून पथ्य कडक ठेवायचं. तेल बंद, तिखट बंद, हळद बंद, मीठ नावाला. मऊ भात, मुगाचं पाणी, फुटाणे, उसाचा रस. मी रोज डबा पाठवतो. आळणी जेवणासाठी वेगळा आचारी लावला आहे, नेहमीच्या माणसाचा हात चुकून मिठाच्या डब्यात जातो.

गावात कावीळच सांगितली. चिमाबाई मावशी म्हणाली, मग काविळीची माळ घालायलाच पायजे. ती सोमवारी येईल. येऊ द्या. मावशीनं माळ घातली की गाव शंका घेत नाही.

माझ्या तोंडाची काळजी करू नका. पंगतीला भात कमी पडला तरी मी नवरीच्या बापाशी हसत बोलतो.

आपला,
मारुती


लोणावळा
६ ऑगस्ट

मारुतीस रामराम.

डबे मिळतात. झाकण काढलं तरी वास येत नाही, यावरनं तुझा आचारी मनापासून करतो हे कळतं. चंपा दिलं तेवढं खाते. तिला एकटीला ते कसं घालायचं, म्हणून मीही तेच खातो. ठेच्याशिवाय घास उतरतो हे या वयात कळलं.

मावशी माळ घेऊन आल्या. मुळीच्या काड्या दोऱ्यात गाठी मारून बांधलेल्या, एवढीशी, डोक्यावर टोपीसारखी बसते. त्या म्हणाल्या, कावीळ जशी उतरंल तशी माळ लांब होत खाली येती, पायातनं निघाली की बाई मोकळी. मी मनात म्हटलं, ठेवा, तेवढाच खोट्याला आधार.

पण मारुती, काल ती कपाळावरनं सुटून गळ्यात आली. आज खांद्याखाली आहे. मी हात लावला नाही, चंपानंही नाही. गल्लीतली सगळी बघून गेली. शेजारची सरुबाई म्हणाली, भाऊ, वहिनींचं डोळं निवळलं. मी खिडकीपाशी नेऊन बघितले. मलाही थोडे निवळल्यासारखे वाटले.

डॉक्टर चुकतच नाहीत असं थोडंच आहे?

ज्योत्स्नाबाई येऊन गेल्या. मी दोघींना एकट्या सोडत नाही, मधेच खुर्ची टाकून बसतो. बाई हळू काहीबाही विचारतात, चंपा हळू सांगते. पथ्याचंच असणार. जाताना बाईंनी मला दारात थांबवलं, डाव्या बाजूला येऊन म्हणाल्या, "आपल्याला काय झालंय असं त्यांना वाटतं, हे तुम्ही कधी विचारलंत?" मी म्हणालो, विचारायचं काय, मीच सांगितलंय. मग त्यांनी माझ्या झोपेचं विचारलं. मी म्हणालो, पेशंट आत आहे.

राखीला ये. हसत ये.

कोंडाजी


लोणावळा
१० ऑगस्ट

चि. मारुतीस तुज्या आक्काचे अनेक आशीर्वाद.

काल राखीला आलास, लय हसलास. लगीनघरातल्या मानसागत बोलत हुतास. आन् जाताना तुज्या दाजींच्या चपला घालून गेलास. ते आज बाजारात तुज्या चपला घालून गेल्यात, तवर लिवते. ज्योत्स्नाबाई पोस्टात टाकनार हाय, उत्तर बी तिच्याच पत्त्यावर धाड.

मला कावीळ न्हाई, ह्ये मला पयल्या दिसापास्नं ठावं हाय. तुजं दाजी आत गेलं तवा मी भाईर बाकावर बसलेली. शेजारी कामशेतकडची एक बाई हुती, डोईला रुमाल. मी म्हनलं, मला कावीळ झालीया. ती म्हनली, बाई, कावीळवाली पलीकडच्या दाराला बसत्यात, ह्या बाकावर समद्या गाठीवाल्या. मग तुजं दाजी भाईर आलं. त्वांड धुऊन आलं हुतं, मिशीला पानी तसंच. कावीळ म्हनलं. मी म्हनलं, मग ठीक. दुसरं काय म्हनायचं हुतं?

त्यास्नी ह्यातलं काय बी सांगू नगं, तुला माजी शपत. मला ठावं न्हाई येवढ्या आधारावर ते उबं हायती.

ज्योत्स्नाबाईला मातर म्या समदं सांगितलं. ते मदी खुर्ची टाकून राखनीला बसत्यात, पन बाई हुशार. त्यांच्या उजव्या अंगाला बसती आन् बारीक आवाजात बोलती. त्यास्नी वाटतं पथ्य चाललंय. मी मरनाचं बोलती आन् ते मान हालवत्यात. एकदा मला हसू आलं, तर ते बी हसलं.

बाई म्हनली, तुमाला पथ्याचं काय कारन न्हाई, रुचंल ते खावा. मारुत्या, मला खेकड्याचं कालवन खायचंय. खाचरातलं खेकडं, आई करायची तसलं. पन मागितलं की पथ्य मोडलं. पथ्य मोडलं की कावीळ खोटी. आन् कावीळ खोटी झाली की तुजं दाजी उगडं पडलं. म्हनून तुजा भात खाती. हजार मानूस जेवायला घालतोस, आन् बहिनीला आळनी भात. आसूदे.

बाईला म्या इचारलं, माजं डोकं कवर शाबूत ऱ्हाईल. ती खोटं बोलली न्हाई. थोडं दिस म्हनली. त्याच्या आत मला तुज्या दाजींना एकच इचारायचंय, माज्या मागं तुमी कुटं ऱ्हानार. हितं एकलं न्हाई ऱ्हायचं, सुदुंबऱ्याला मारुत्याच्या घरी जायचं, येवढं व्हय त्यांच्या तोंडून घ्यायचंय. पन इषय त्यांनी काडावा. म्या काडला तर त्यास्नी वाटंल, येवढं दिस बायको नाटक करत हुती.

तुजी आक्का,
चंपा


तळेगाव दाभाडे
१२ ऑगस्ट

सौ. आक्कास मारुतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी हसूच आलं. बाकावरच्या बाईला काय कळतं? दवाखान्यात ज्याला त्याला आपलंच दुखणं दिसतं. तुला कावीळच आहे, मुरलेली आहे एवढंच. मी स्वतः पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवले, ते हसत म्हणाले, पथ्य पाळा, सणासुदीपर्यंत बऱ्या होतील. मला चहा दिला, बिस्किटं दिली. काळजीचं असतं तर कुणी बिस्किटं देतं का?

दिवाळीला तू माहेरी सुदुंबऱ्याला यायचं आहेस. खोली रंगवायला काढली आहे, रंग कुठला ते तू सांग. तुझ्या नावानं शिरगावला साईबाबांना प्रसादाचं जेवण बोलून ठेवलं आहे, त्याला तू आणि दाजी पहिल्या पंगतीला. भाच्याचं, म्हणजे माझ्या पप्पूचं, लग्न या सालात करायचं आहे, त्याला आत्याशिवाय कोण उभं राहणार? मुलगी बघायला तुलाच जायचंय. माळ कमरेला आली असं कळलं. बघ, मावशीची माळ कधी खोटी ठरत नाही. मनात असलं काही आणू नकोस. खेकडे काय, बरी झालीस की टोपलीनं आणतो.

तुझा,
मारुती


लोणावळा
१५ ऑगस्ट

मारुत्या,

खरं बोलायचं आसलं की तू दोन वळी बोलतोस. ह्ये पत्र पानभर हाय. तवाच वळखलं.

मला पुन्यातला डाक्टर नगं, रंग नगं. ज्याच्याम्होरं खरं बोलता येईल आसा एक मानूस माज्या रक्ताचा पायजे. ज्योत्स्नाबाई चांगली हाय, पन ती परकी.

काल मला पवनचं नाव आठवंना. टेम्पोवाला म्हनून हाक मारली. तुजं दाजी हसलं. म्या न्हाई हसले.

चंपा


तळेगाव दाभाडे
२० ऑगस्ट

ती. दाजींस नमस्कार.

दाजी, पथ्य बंद करा.

ते मीच सुचवलं होतं. फार अक्कल चालवली. आता पवन डबा घेऊन निघाला की मी मागच्या दारानं जातो, तो डबा मला बघवत नाही. आक्काला जे खावंसं वाटतं ते द्या. आणि डॉक्टर म्हणाले होते तसं तिच्याशी बोला.

माळेचं सांगतो. राग धरू नका. राखीहून परतलो तेव्हा मावशीकडनं तशीच एक माळ मागून आणली आणि गोदामात खिळ्याला अडकवली. मला बघायचंच होतं. काड्या वाळल्या, गाठी सैल पडल्या, माळ लांबत गेली. परवा पिठाच्या पिंपाला टेकली. दाजी, गोदामातल्या खिळ्याला कावीळ झाली नव्हती.

श्रावण शनिवारी संपतोय. मंगळवारी हरतालिका, बुधवारी गणपती बसतात. मग गौरी, मग पितरं, मग नवरात्र. आमच्या धंद्यात वशाटाचे, मटण-मच्छीचे, मधले दोन दिवस बोटावर मोजून ठेवतात. यंदा आपल्याकडंही तेवढेच आहेत, रविवार आणि सोमवार. रविवारी मी सुदुंबऱ्याच्या ओढ्यातले खेकडे घेऊन येतो. कालवण मीच करतो. तुम्ही काही बोलायची गरज नाही, फक्त दारातनं बाजूला व्हा.

मारुती


लोणावळा
२५ ऑगस्ट

मारुतीस,

काल तू पातेलं घेऊन दारात आलास, ते मी तुझ्या हातातनं घेऊन गल्लीच्या तोंडाला ओतलं. त्याचं वाईट वाटतं. तू एवढा मोठा माणूस, लोकांसमोर रिकामं पातेलं उचलून गेलास. पण तू पुन्हा आणलंस तर मी पुन्हा ओतीन.

तुला वाटतं म्हातारा माळेला भुलला. नोकरीभर घाटातल्या रुळावरनं चाललो मी. उन्हानं लोखंड किती वाढतं आणि दोरा कधी सैल पडतो, ते कळायला मला तुझा खिळा नको. पण सकाळी चंपा डोळे उघडते, आधी माळ चाचपते आणि मग माझ्याकडं बघून हसते. ते हसू मी कशाच्या बदल्यात देऊ?

पावसाळ्यात आम्ही गाडीच्या आधी रूळ बघत जायचो. कुठं तडा दिसला तर लाल झेंडी लावायची, गाडी थांबवायची, जोडायचं, आणि मग हळू सोडायची. डब्यात माणसं शेंगा खात बसलेली असत. खिडकीतनं विचारत, काय झालं मामा? मी म्हणायचो, काही नाही, सिग्नल. पॅसेंजरला कुणी तडा दाखवतं का? त्याच्या हातात हातोडा आहे का? भ्यायचं ते आपण भ्यावं. तेवढ्यासाठीच तर पगार घेतला.

ज्योत्स्नाबाईही तेच म्हणाल्या, पथ्य सोडा, बोला. म्हणाल्या, "दोघं एकाच गोष्टीला भिताय आणि वेगवेगळे भिताय." मी त्यांना सांगितलं, बाई, औषधं पवनबरोबर पाठवा, तुम्ही येऊ नका.

तूही येऊ नकोस. डबा पाठव.

कोंडाजी


लोणावळा
२७ ऑगस्ट

मारुत्या,

सांडलेल्या कालवनाचा वास दोन दिस गल्लीत हुता. म्या दार उगडं ठिवायला लावलं. तुज्या दाजींना वाटलं वाऱ्यासाटी.

बाई येत न्हाईत आता. त्यांच्या उजव्या अंगाला बसायला कुनी न्हाई. दिसभर मी पत्र्याकडं बघती आन् ते माज्याकडं.

अक्षर हालतंय. वाटानात काय घालायचं त्ये म्या मनात म्हनून बगती, डोकं शाबूत हाय का बगायला. खोबरं, कांदा, लसून, मग फुडचं जातं. काल गेलं ते आज आलं, पन आजचं दुसरंच गेलं.

मरायचं भ्या न्हाई रं. त्यास्नी इचारायच्या आत मी ऱ्हाईले न्हाई तर. मी हितं आसून नसले तर. म्हनून म्या ठरवलं, आज इचारायचं. सकाळी त्यांनी गनपती मांडला, हात जोडलं, आन् मोट्यानं म्हनलं, हिची कावीळ उतरू दे. म्या बी हात जोडलं, इचारायचं ऱ्हाऊन गेलं.

हे पवनच्या हाती देती. त्येचं नाव आज आठवलं.

चंपा


तळेगाव दाभाडे
२९ ऑगस्ट

ती. दाजींस,

थोडक्यात लिहितो.

तुमचा पॅसेंजर खिडकीत नाही. तो कधीच गाडीतनं उतरलाय आणि रुळावर तुमच्या मागं उभा आहे. तुम्ही वळून बघत नाही.

मला शपथ आहे म्हणून यापुढं लिहीत नाही. कुणाची शपथ, ते तुम्ही ओळखा. हात जोडतो दाजी, आज ओळखा.

मारुती


लोणावळा
२ सप्टेंबर

मारुतीस रामराम.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. राग होता, म्हणून न फोडता खिशात ठेवलं. ते वाचायच्या आधीच सगळं झालं, तर तेच आधी लिहितो.

शनिवारी सकाळी चंपानं मला विचारलं, आई चुलीपाशी आहे का. मी म्हणालो, कुणाची आई? ती म्हणाली, खेकडे भाजतीय, वास येतोय. तुमची आई जाऊन चाळीस वर्षं झाली. मग ती आपली आपणच भानावर आली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. डॉक्टरांनी सांगितलेली गुंगी दारात आली, हे मला कळलं.

पिशवी घेऊन तसाच बाजारात गेलो. गणपतीत खेकडे कोण घेतंय? एकच कातकरीण कडेला बसली होती. घेतले. येताना मनाशी जुळवलं, चंपाला सांगायचं, माळ पायाशी आली, कावीळ गेली, पथ्य सुटलं. म्हणजे बघ, हातात खेकडे होते तरी मी खोट्यालाच फोडणी देत होतो. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं.

मी कधी चहासुद्धा केलेला नाही. ती कॉटवरनं सांगत होती, मी करत होतो. वाटणाचं अर्धं सांगितलं आणि थांबली. बाकीचं मी अंदाजानं घातलं.

उकळी फुटली तशी सरुबाई दारात आली. तिच्या घरी गणपती, दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या. भांडायला आली नव्हती, बाई चांगली आहे. म्हणाली, भाऊ, आळीत देव बसल्यात, वहिनींची कावीळ आत्ता कुटं उतरतीय, आन् खेकडं? चार दिस दम धरवंना व्हय?

मारुती, माझं काय झालं मला सांगता येत नाही. मला हळू बोलता येत नाही, ते तुला माहीत आहे.

"कावीळ न्हाई तिला. क्यान्सर हाय. तिच्याकडं चार दिस न्हाईत. देवाला सांगा, पाप माज्या नावावर लिव म्हनावं."

समोरच्या घरातली आरती थांबली. सरुबाई तोंडाला पदर लावून गेली. मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. माझ्या मागं चार हातांवर कॉट, आणि त्या कॉटवर चंपा. वळायचं कसं?

मागनं तिचा आवाज आला, मला ऐकू येईल इतका मोठा.

"तळाला लागंल. हलवा."

मी हलवलं. हलवतच राहिलो. मग पळी हातात धरूनच विचारलं, कधीपासनं माहीत आहे. ती म्हणाली, बाकावर बसल्यापास्नं. मी म्हणालो, मग मला सांगितलं का नाहीस?

"तुमी मला सांगितलं न्हाई म्हनून."

मारुती, आम्ही दोघं हसलो. आळीत सगळे आमच्या घराकडं कान लावून बसलेले, आणि आम्ही हसतोय. नंतर काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. पातेलं उतरवायचं राहिलं आणि रस्सा आटला.

नांगीतलं मी काढून दिलं. तिनं दोन घास खाल्ले, रस्सा बोटानं चाटला. म्हणाली, मीठ कमी हाय, पथ्यानं तुमचा हातच आळनी झाला. पुन्हा मागितला. तेवढा उतरला नाही, पण ताट तिनं जवळच ठेवायला लावलं. माळ तिनंच काढली आणि चुलीत घालायला दिली.

मग तिनं विचारलं. माझ्यामागं तुम्ही कुठं राहणार. सगळं ठरवून ठेवलं होतं तिनं. तुझी ओसरीवरची खोली, माझी कॉट खिडकीला, दाढीला आरसा कुठं लावायचा तेसुद्धा. मला व्हय म्हणायला लावलं. एकदा नाही, दोनदा. मी व्हय म्हणालो. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, आता माजं झालं. तशीच झोपली. तिला इतकी गाढ झोपलेली मी महिनाभर बघितली नव्हती. तेव्हा तुझं पत्र फोडलं.

रविवारपासनं ती फारशी भानावर नाही. मी ज्योत्स्नाबाईंना फोन केला, ओरडूनच केला, आता काय. त्या लगेच आल्या. ओठ ओले कसे ठेवायचे, कुशीवर कसं वळवायचं, ते दाखवलं. माझ्यावर जराही राग नाही. म्हणाल्या, ती बोलत नसली तरी तुम्ही बोलत राहा. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या आणि माझ्या झोपेचं पुन्हा विचारलं. या खेपेला सांगितलं. बरंच काही सांगितलं. बोलायला कशाला येतात, ते आता कळलं. पण फार उशीर केला मी. महिना होता आमच्याकडं, तो मी आळणी भातात घालवला. मिळाली ती एक संध्याकाळ.

आता तुला सांगायचं ते सांगतो. हे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

मी तिच्याशी खोटं बोललो. मी सुदुंबऱ्याला येणार नाही. तुझं घर चांगलं आहे, तू मला हातावर झेलशील, ते माहीत आहे. पण तिथं ती तुझी आक्का. माझी चंपा या दोन खोल्यांतच आहे, ती सोडून मला कुठं जाता येणार नाही. तिच्या हातात माझा हात होता, त्या हाताला नाही कसं म्हणणार होतो?

तू हे मिळताच नीघ. डबा आणू नकोस, डॉक्टर आणू नकोस, नुसता ये. ती मधेच डोळे उघडते. मला ओळखते की नाही कळत नाही, पण तेवढंच एक विचारते, मारुत्याकडं जाणार ना. तुला बघितलं की तुलाही विचारील.

तू व्हय म्हण.

कोंडाजी